म्हाताऱ्याचा खांदा

"रिगिंग मी करतो" असं मी म्हणालो तेव्हा मला रिगिंग येत नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही, दोन-तीन ट्युटोरियल बघून एका सिलिंडरमध्ये तीन बोन टाकून तो वाकवून दाखवला होता आणि तेवढ्यावर जमतंय की आपल्याला असं वाटायला लागलं होतं. आम्ही तिघं होतो, एकजण मॉडेलिंगवाला, एक मैत्रीण अॅनिमेशन करणारी आणि तिसरा मी, जो तोपर्यंत टेक्स्चर आणि लायटिंगच्या पुढे कधी गेला नव्हता. चाळीसेक सेकंदांची छोटीशी फिल्म. एक म्हातारा, अंगात लांब कोट, डोळ्यांवर चष्मा, पाऊस येतो, तो छत्री उघडतो आणि चालायला लागतो, बास. मॉडेल आणि अॅनिमेशन यांच्या मधलं काम घ्यायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी हात वर केला, आठवड्यात देतो म्हणालो. अडीच महिने लागले.

ज्यांना रिगिंग म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थ्रीडी मॉडेल म्हणजे आतून पोकळ पुतळा असतो, नुसती कातडी, हजारो बिंदूंची जाळी, जिला मेश म्हणतात. तिला हात वर कर म्हटलं तर ती करणार नाही कारण हात नावाची गोष्टच तिच्यात नाही. मग तुम्ही आत हाडं बसवता, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्याला आर्मेचर म्हणतात, मग प्रत्येक बिंदूला सांगता की बाबा तू कुठल्या हाडामागे किती जायचं (हे किती म्हणजे वेट), आणि शेवटी अॅनिमेटरला पकडायला बाहेरून कंट्रोलर देता. कळसूत्री बाहुली नाचवणारा वेगळा आणि तिच्या दोऱ्या बांधणारा वेगळा, तर आपण दोऱ्या बांधणारे. दोरी चुकीच्या जागी बांधली की नाचवणारा कितीही भारी असू दे, बाहुली लंगडीच चालणार.

पहिल्या दिवशी मी फार खुश होतो. कमरेपासून मानेपर्यंत मणका, मग हात, पाय, बोटं, दोन तासांत अख्खा सांगाडा उभा. नावं दिलीच नाहीत, बोन डॉट शून्य शून्य एक पासून सुरू होऊन सत्तरच्या पुढे गेली होती, म्हटलं नंतर देऊ. (नंतर म्हणजे काय ते ज्याने फाइल सांभाळल्यात त्याला सांगायला नको.) मग मेश निवडली, आर्मेचर निवडलं, कंट्रोल पी (कातडी हाडांना जोडायचा शॉर्टकट), विथ ऑटोमॅटिक वेट्स, आणि खाली पिवळ्या अक्षरात ओळ आली की बोन हीट वेटिंगला एका किंवा अधिक बोनसाठी उत्तर सापडलं नाही. म्हातारा तसाच उभा, हाडं हलतायत, तो ढिम्म.

ही ओळ पुढे इतक्या वेळा बघितली की तिच्यामागे काय चाललंय ते एकदा बसून वाचलं. ऑटोमॅटिक वेटची ही पद्धत बारन आणि पोपोविच या दोघांनी २००७ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत मांडली होती आणि कल्पना खरंच गोड आहे. समजा प्रत्येक हाड म्हणजे तापलेली सळई आहे, तिची उष्णता कातडीवर पसरते, जिथे ज्या हाडाची ऊब जास्त तिथे त्या हाडाचा हक्क जास्त. पण ऊब पसरायला कातडी सलग लागते आणि हाडाला ती कातडी समोर दिसावी लागते. आमच्या म्हाताऱ्याच्या कोटाच्या आत शर्ट, शर्टाच्या आत अख्खं शरीर, कॉलरचे बिंदू एकावर एक बसलेले, त्यात मॉडेलचं स्केल अप्लाय न केलेलं. उष्णता जाणार कुठे? मर्ज बाय डिस्टन्स करून दुहेरी बिंदू काढले, कोटाखालचं न दिसणारं शरीर मॉडेलवाल्याला विचारून उडवलं, स्केल अप्लाय केलं, आणि परत कंट्रोल पी. या वेळी चिकटलं.

चिकटलं म्हणजे काय तर मान वळवली आणि चष्मा रबराचा असल्यासारखा वाकला. डोळ्यांची बुबुळं गालात घुसली. कोटाची बटणं, जी खरं तर टणक असायला हवीत, ती पोट वाकलं की पाघळायची. सगळं लॉजिकलच होतं म्हणा, ऑटोमॅटिकला काय माहीत की चष्मा काचेचा आहे, त्याला सगळं मांसच. चष्मा आणि डोळे यांचे सगळे बिंदू डोक्याच्या हाडाला पूर्ण १ वेटने दिले, प्रत्येक बटणाच्या सगळ्या बिंदूंना एकसारखं वेट दिलं म्हणजे बटण हलेल पण आकार बदलणार नाही. हे वाचायला एक वाक्य आहे, करायला एक रविवार गेला, चौदा बटणं होती, बाह्यांवरची धरून.

मग वेट पेंटिंग. यात पडद्यावर म्हातारा रंगीत दिसतो, निळं म्हणजे ०, लाल म्हणजे १, मधे हिरवं पिवळं, आणि तुम्ही ब्रशने रंगवत बसता की हे हाड इथपर्यंत आणि ते तिथपासून. मला वाटलं होतं हे टेक्स्चरसारखंच, आपल्या हातचं काम. नाही हो. टेक्स्चरमध्ये एका जागी चुकलं तर तिथेच दिसतं, इथे मांडीवर चुकून पाव टक्का रंग लागला तर तो मांडीवर दिसतच नाही, हात वर केल्यावर दिसतो, कारण तो रंग हाताच्या हाडाचा असतो. माझ्या म्हाताऱ्याच्या कानाचा एक बिंदू कसा कोण जाणे उजव्या मनगटाच्या नावावर होता. हात खाली असताना सगळं ठीक, हात लांब केला की कानातून एक सुई निघून मनगटाच्या दिशेने जायची. तो एक बिंदू शोधायला मी अर्धी रात्र घालवली आणि सापडल्यावर वेट बघितलं तर ०.०८.

कोटाच्या खालच्या घेराचा वेगळाच त्रास, तो दोन्ही पायांच्या मधे आहे, डावा पाय पुढे टाकला की अर्धा घेर त्याच्यामागे आणि अर्धा उजव्यामागे आणि मधे ताणलेला पडदा. शेवटी घेराला स्वतःची वेगळी हाडं दिली, चारी बाजूंनी दोन दोन, आणि ती पायांच्या मागे थोडीच जातील अशी बांधली.

बोटांनी मला रोल शिकवला. रोल म्हणजे हाड स्वतःभोवती किती फिरून बसलंय ते, हाडाकडे बघून कळत नाही कारण ते दिसायला सारखंच दिसतं. मूठ आवळून बघावी म्हणून उजव्या हाताच्या बोटांची सगळी हाडं निवडली, आर दाबून दोनदा एक्स, म्हणजे प्रत्येक हाड आपापल्या एक्स अक्षाभोवती फिरणार. तर्जनी आत वळली, मधलं बोट बाजूला गेलं, करंगळी चक्क मागे. असा हात मी आयुष्यात बघितला नव्हता. शिफ्ट एन दाबून रोल परत मोजायला लावला, मग एकेका बोटाचा अक्ष बघत बघत नीट केला आणि तेव्हाच ठरवलं की आता नावं द्यायचीच. आणि नावं देताना दुसरी गंमत, मी म्हाताऱ्याच्या समोर बसून डावं-उजवं लिहीत गेलो, माझं डावं, पडद्यावरचं. म्हाताऱ्याचं डावं ते नव्हेच! तो माझ्याकडे तोंड करून उभा, त्याचा डावा हात माझ्या उजवीकडे. शेवटी डॉट एल आणि डॉट आर लावायचं असतं ते पात्राच्या बाजूने, आपल्या नव्हे. एका बाजूची हाडं पूर्ण करून सिमेट्राइज केलं की दुसरी बाजू आपोआप होते, पण नावांत बाजूच नसेल तर त्याला कळणार कुठून. पहिल्या दिवशी न दिलेली सत्तर नावं तिथे वसूल झाली.

पायांकडे येतो. पाय दोन प्रकारे चालवता येतात. एक एफके, म्हणजे आधी मांडी फिरव, मग गुडघा, मग घोटा, वरून खाली. दुसरं आयके, म्हणजे पाऊल कुठे ठेवायचं तेवढं सांग, मांडी आणि गुडघ्याचं काय करायचं ते गणित करतं. चालायचं असेल तर आयके हवंच, नाहीतर कंबर हलली की जमिनीवरचं पाऊल घसरतं आणि म्हातारा बर्फावर चालल्यासारखा दिसतो. मी आयके कन्स्ट्रेंट लावला (कन्स्ट्रेंट म्हणजे हाडाला घातलेली अट), पाऊल ओढलं, आणि म्हातारा कमरेतून अख्खा उलटा झाला. चेन लेंग्थ शून्य होती. शून्य म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं होतं, ब्लेंडरमध्ये तिथे शून्य म्हणजे साखळी थेट मुळापर्यंत, म्हणजे पावलाने कंबरेलाही ओढलं. दोन केलं, मांडी आणि पोटरी, थांबला. मग परत पाऊल वर घेतलं तर गुडघा मागच्या बाजूला वाकला, करकोच्यासारखा. कारण मी पाय अगदी सरळसोट रेषेत ठेवलेला, गुडघा कुठल्या बाजूला वाकतो हे गणिताने ओळखायचं कशावरून? एडिट मोडमध्ये गुडघ्याचा सांधा नखभर पुढे सरकवला आणि सुटला प्रश्न. मग गुडघ्यासमोर पोल टार्गेट दिलं, म्हणजे गुडघ्याने कुठे बघायचं ती खूण, तेही लावताक्षणी गुडघा एकदम नव्वद अंशात बाहेर, तिथे पोल अँगल उणे ९० करायचा होता, हे एव्हाना मला नवीन वाटेनासं झालेलं.

टाच मात्र दोन दिवस कळली नाही. पाऊल उचललं की टाचेचा थोडा भाग जमिनीवरच राहायचा, च्युइंगमसारखा. वेट बघितले, पावलाच्या हाडाचे ठीक, पोटरीचे ठीक. मग सहज बाकीचे ग्रुप (हाडागणिक वेटची एकेक यादी असते ती) खाली स्क्रोल केले तर कंट्रोलरच्या नावाचे पण ग्रुप! म्हणजे मी आयकेसाठी बाहेर जी हाडं ठेवली होती, जी फक्त पकडायला, त्यांच्यावरचं डिफॉर्म, म्हणजे कातडी ओढायची परवानगी, बंद करायचं राहिलं होतं, आणि ऑटोमॅटिक वेटने त्यांनाही खरी हाडं समजून टाचेचा वाटा देऊन टाकला होता. एक टिक काढायची होती. तेव्हापासून मी नावातच सांगून ठेवतो, कातडी ओढणाऱ्या हाडांना डीईएफ, मधल्या यंत्रणेच्या हाडांना एमसीएच, आणि अॅनिमेटरच्या हातात जाणाऱ्यांना साधं नाव. ही पद्धत माझी नाही, रिगिफायची आहे.

आणि हो, रिगिफाय. हे वाचणारे अर्धे लोक एव्हाना तेच म्हणत असतील, ब्लेंडरबरोबर फुकट येणारं अॅडऑन आहे, तयार सांगाडा बसवायचा, जनरेट दाबायचं, अख्खं रिग तयार, तू कशाला मरत बसलास. मी पहिल्याच आठवड्यात करून बघितलं होतं. शेकड्यांनी हाडं आली, सगळीकडे रंगीत कंट्रोलर, एकदम भारी वाटलं, आणि मग खांदा बिघडलेला दिसला तर तो नीट कुठून करायचा हेच कळेना, कारण आत काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून हाताने करायला घेतलं. आता वापरतो, बिनधास्त वापरतो.

आता खांदा. या अडीच महिन्यांतला निम्मा वेळ खांद्याने खाल्ला.

मॉडेल ए पोजमध्ये होतं, म्हणजे हात खाली आणि शरीरापासून साधारण ४५ अंश बाहेर. छत्री डोक्यावर धरायची म्हणजे दंड डोक्याच्या बाजूला यायला हवा. मी दंडाचं हाड फिरवलं आणि खांदा गायब. अक्षरशः, गळ्यापासून दंडापर्यंत एक खड्डा, काखेत कागद दुमडल्यासारखी घडी, कोटाची शिवण मानेत घुसलेली. वेट रंगव रंगव रंगवले. खड्डा थोडा भरला की काख फाटायची, काख भरली की हात खाली असताना खांदा फुगायचा. चार दिवस मी एकाच जागेवर निळा-लाल करत होतो आणि चूक रंगात नव्हतीच.

झालं असं की एकदा वैतागून खुर्चीत मागे रेललो आणि दोन्ही हात वर करून आळस दिला आणि अर्ध्यावर तसाच थांबलो. डाव्या हाताने उजव्या खांद्यावर दाबून धरलं आणि उजवा हात हळूहळू वर नेला. खांद्याचं हाड स्वतःच वर जातं! गळपट्टीचं हाड (कॉलर बोन) वर उचललं जातं, मागे पाठीवरची फळी, खांद्यामागचं चपटं हाड, फिरते. मग वाचलं तर फिजिओथेरपीवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे, हात पूर्ण वर, म्हणजे १८० अंश नेताना त्यातले साधारण १२० अंशच खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले ६० पाठीवरची फळी फिरून येतात, दोनास एक असं प्रमाण. आणि मी सगळं ओझं एकट्या दंडावर टाकलं होतं. माझ्या रिगमध्ये गळपट्टीचं हाड होतं बरं का, पहिल्या दिवशी ट्युटोरियलमध्ये होतं म्हणून टाकलेलं, फक्त ते कशासाठी असतं हे मी विचारलंच नव्हतं. दंड वर जाईल तसं ते एक तृतीयांश आपोआप उचललं जाईल असं बांधलं. अॅनिमेटरला हवं तर ती त्यावर आणखी कमी-जास्त करू शकते. खड्डा निम्मा भरला, वेटला हातही न लावता.

उरलेल्या निम्म्यासाठी करेक्टिव्ह शेप की. म्हणजे हात वर असलेल्या पोजमध्ये म्हाताऱ्याला ठेवायचं आणि बिघडलेला भाग मातीसारखा हाताने नीट करायचा, तो आकार वेगळा साठवायचा, आणि ड्रायव्हर लावायचा की हात वर गेला की हा आकार ० वरून १ कडे आपोआप यावा. आकार छान जमला, खांद्याची गोलाई, काखेत कोटाची एक सुंदर चुणी पण काढली. ड्रायव्हरला मी रोटेशनल डिफरन्स दिला, म्हणजे गळपट्टी आणि दंड या दोन हाडांमधला कोन. हात वर नेला, खांदा झकास. मी मैत्रिणीला व्हिडिओ पाठवला, टाळ्यांचे इमोजी आले. मग हात नुसता समोर केला, कोणाशी हात मिळवतोय असा, आणि खांद्यातून टेंगूळ आलं. कारण कोन हा कोन आहे, त्याला हात वर गेला की पुढे गेला याच्याशी देणंघेणं नाही. पुढे केला तरी कोन तेवढाच, आकार चालू. मग दिशेसकट मोजणारं काहीतरी हवं म्हणून शोधत शोधत स्विंग आणि वाय ट्विस्टपर्यंत पोचलो. ब्लेंडरमध्ये हाडाची लांबी वाय अक्षावर असते, त्यामुळे यात हाड स्वतःभोवती किती पिळलं ते वेगळं निघतं आणि कुठल्या बाजूला झुकलं ते वेगळं. मी फक्त वर जाणारं झुकणं घेतलं. टेंगूळ गेलं. इमोजी परत मागितले नाहीत.

मनगटाचं त्या मानाने लवकर झालं, तरी ते सांगायला हवं कारण प्रत्येकजण तिथे आपटतो. छत्री हातात फिरवायची म्हणून तळहात पूर्ण उलटा केला तर मनगट गोळीच्या कागदाच्या पिळासारखं बारीक झालं. नेहमीची पद्धत काय करते, एका बिंदूवर दोन हाडांचा निम्मा-निम्मा हक्क असेल तर पहिल्या हाडाच्या हिशोबाने तो कुठे जाईल आणि दुसऱ्याच्या हिशोबाने कुठे, या दोन जागांची सरासरी काढते. पिळ १८० अंशांचा असेल तर त्या दोन जागा मनगटाच्या समोरासमोरच्या बाजूंना, आणि त्यांची सरासरी बरोबर मधोमध. म्हणजे कातडी हाडात. यावर २००७ सालीच कावान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ड्युअल क्वाटर्नियन नावाचा उपाय दिला, ब्लेंडरमध्ये तो आर्मेचर मॉडिफायरमध्ये (हाडांमागे कातडी नेणारी सोय) प्रिझर्व्ह व्हॉल्यूम नावाने एका टिकवर मिळतो. टिक केली, मनगट गोल झालं आणि कोपरं सुजली. मग टिक काढली. कोपर टेबलावर टेकवून नुसता तळहात उलटा-सुलटा करून बघा, मनगटाजवळची कातडी पूर्ण फिरते, मधली निम्मी, कोपराजवळची जवळजवळ नाहीच. आत दोन हाडं एकमेकांवर चढतात म्हणून. तेच केलं, पुढच्या हातात दोन जास्तीची पिळाची हाडं, त्यांना कॉपी रोटेशन फक्त वाय अक्षाचं, मनगटाजवळच्याला जास्त, मधल्याला निम्मं. दुपारी सुरू केलं, संध्याकाळी झालं.

चेहरा मी मुद्दाम साधा ठेवला, भुवया, पापण्या, तोंडाचे पाचसहा आकार. चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींचं वर्गीकरण एकमन आणि फ्रीझनने १९७८ सालीच करून ठेवलंय आणि आजचे बरेच मोठे फेशियल रिग त्यावर उभे असतात, पण आमचा म्हातारा बोलत नाही आणि मला अजून अडीच महिने नको होते.

छत्री. छत्री म्हाताऱ्याच्या हातात हवी, पण सुरुवातीला ती भिंतीला टेकलेली असते. म्हणजे तिला कधी जगाशी बांधायचं, कधी हाताशी. चाइल्ड ऑफ कन्स्ट्रेंट लावला, प्रभाव ० वरून १ केला आणि छत्री हातात यायच्या ऐवजी थेट खोलीबाहेर. सेट इन्व्हर्स दाबायचं राहिलं होतं. ते दाबलं की या क्षणी जिथे आहेस तिथून पुढे हिशोब धर असं तिला कळतं. काड्यांचं मात्र मला आजही कौतुक वाटतं, आठ काड्या, प्रत्येकीला आधाराची छोटी दांडी, आणि सगळ्या मधल्या दांड्यावरच्या सरकणाऱ्या कड्याला बांधलेल्या. एक कंट्रोलर वर सरकवला की छत्री उघडते, जशी खरी उघडते तशी. घरातली छत्री मी दिवसभर उघडमिट करत बसलो होतो, काड्या कुठे वाकतात ते बघत. खांद्यापेक्षा छत्री सोपी गेली कारण ती यंत्र आहे, प्रामाणिक असते.

आणि मग मी रिग दिलं.

मला वाटलं होतं मैत्रीण छत्री उघडून बघेल. तिने छत्रीला हातही लावला नाही. कॉलवर स्क्रीन शेअर केली, मुख्य कंट्रोलर पकडला आणि म्हाताऱ्याला सरळ पुढे ढकललं. म्हातारा एक मीटर पुढे गेला, चष्मा दोन मीटर. आम्ही दोघंही काही क्षण गप्प. हवेत चष्मा, मागे म्हातारा. मग ती इतकी हसली की तिला माइक बंद करावा लागला. मी चष्मा डोक्याच्या हाडाला पॅरेंटही केला होता, म्हणजे थेट जोडला होता, आणि त्याला आर्मेचर मॉडिफायरही होता, म्हणजे दोघांनीही त्याला एकेक मीटर ढकललं. मी आतापर्यंत म्हाताऱ्याला जागेवर उभं करूनच हातपाय हलवत होतो, त्याला कधी चालवलंच नव्हतं.

"अरे तू हे स्वतःसाठी बांधलंयस," ती म्हणाली. मग पुढचा तासभर तिने फक्त मोडतोड केली. सगळं निवडून ऑल्ट आर, ऑल्ट जी, ऑल्ट एस, म्हणजे सगळं मूळ जागी यायला हवं, दोन कंट्रोलर आलेच नाहीत. कोपराचा कंट्रोलर धरून ओढला तर कोपर हातातून निघून बाहेर आलं, कारण लोकेशन लॉक केलं नव्हतं. "मी रात्री दोन वाजता झोपेत काम करणारे, मला चुकता येता कामा नये असं दे ना." डोक्याचा कंट्रोलर क्वाटर्नियनमध्ये होता, म्हणजे फिरणं चार आकड्यांत मांडलेलं, ब्लेंडरमध्ये हाडं तशीच जन्माला येतात, पण ग्राफ एडिटरमध्ये तिला डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशा चार रेषा दिसतात ज्यांच्यावरून मान किती वळली हे माणसाला वाचता येत नाही. तिला ऑयलर हवं होतं, म्हणजे साधे तीन अक्षांचे तीन कोन. मी गिंबल लॉकचं ज्ञान पाजळायला लागलो की ऑयलरमध्ये मधला अक्ष नव्वदला गेला की उरलेले दोन एकच होऊन बसतात, तर ती म्हणाली म्हातारा नव्वद अंश मान कधी वाकवणारे, कुठला अक्ष मधे ठेवायचा ते तू ठरव, तेच तुझं काम. ठरवलं.

तिच्या यादीत एकोणीस गोष्टी होत्या. त्यातली एकही वेट पेंटिंगची नव्हती, एकही खांद्याची नव्हती. कंट्रोलरचे आकार एकमेकांत अडकतात, डावे-उजवे एकाच रंगाचे आहेत, कंबरेचा कंट्रोलर कोटाच्या आत लपलाय, पावलाला टाच उचलायची सोय नाही आणि टाच उचलल्याशिवाय म्हातारा चालणार कसा. शेवटचं ऐकून मी खरंच लाजलो, फूट रोल, म्हणजे पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत वळवणं, मी विसरूनच गेलो होतो, दोन महिने चालणाऱ्या माणसाचं रिग करत होतो आणि टाच उचलायची सोय नाही. आधी टाच, मग चवडा, मग बोटांचं टोक, असे उलटे तीन टेकू दिले. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, द्यायच्या आधी दोनशे फ्रेमची एक कसरत करून ठेवायची, प्रत्येक सांधा टोकापर्यंत नेणारी, बसणं, वाकणं, हात मागे घेणं, आणि म्हाताऱ्याला खोलीभर फिरवून आणायचं. दर दुरुस्तीनंतर ती परत चालवायची. एकदा मॉडेलवाल्याने हसत हसत सांगितलं की कोटाचा खिसा थोडा बदललाय, बिंदूंची संख्या बदलली, वेट नव्या मेशवर ट्रान्सफर करता आले पण शेप की परत केल्या, तेव्हा त्या कसरतीनेच कुठे काय सुटलं ते दाखवलं. त्याला मी काही बोललो नाही, फक्त यापुढे रिगिंग सुरू झालं की मेशला कुलूप, एवढं लिहून घेतलं.

सध्या फाइल एकतिसाव्या आवृत्तीवर आहे. छत्रीचा शॉट झाला. उजवा खांदा चांगला दिसतो, वेगळा असा लक्षातच येत नाही. डावा मात्र तसाच आहे, कारण त्या नव्या खिशामुळे मेश दोन्ही बाजूंना सारखी राहिली नाही आणि शेप की आरशासारखी पलीकडे जात नाही, हाताने परत करावी लागेल. म्हटलं छत्री उजव्याच हातात आहे, डाव्याचं काय काम. डाव्या दंडाला लिमिट घालून खांद्याच्या वर जाणार नाही असं केलं आणि तिला कळवलं.

काल तिने शेवटच्या शॉटचं स्केच पाठवलं. म्हातारा वळून कोणाला तरी टाटा करतोय. उजव्या हातात छत्री आहे.